टपावर सोलर बसवताना आधी सावली मोजा, मग वॉट

प्रश्न असा आहे: मुलुंडच्या एका कुटुंबाने फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करायला काढली आहे. सीटा निघाल्या आहेत, आतलं पॅनेलिंग अजून व्हायचं आहे. कडेचा गोलवा सोडून टपावरची सपाट जागा ४.४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद भरते. ५४० वॉटचे दोन पॅनल स्वस्तात मिळत आहेत, ते लावावेत का? छताचा पंखा टपाच्या बरोबर मध्ये बसवला तर चालेल का? टपावर जुना लोखंडी कॅरिअर आहे, त्यावरच पॅनल बांधले तर भोकं पाडायची वाचतील का? आणि पॅनल सूर्याकडे तिरपे करता येतील अशी उचलती फ्रेम करावी का?

आधी उत्तरं सांगतो. ५४० चे नकोत, ४१० वॉटचे दोन घ्या. पंखा मध्ये नको, मागच्या टोकाला न्या. कॅरिअर काढून टाका. उचलती फ्रेम करू नका. आतलं पॅनेलिंग झालेलं नाही ही तुमच्यासाठी मोठी सोय आहे. पत्र्याखालचे आडवे चॅनल आत्ता उघडे दिसतात, नंतर ते ठोकून शोधावे लागतात. म्हणून टपाचं सगळं काम पॅनेलिंगच्या आधी उरका.

मापांपासून सुरुवात करू. बाजारात सध्या मिळणारा ५४० चा पॅनल साधारण २२७८ × ११३४ मिमी असतो आणि वजन २८ किलोच्या आसपास. दोन पॅनल एकामागे एक लावले तर ४५५६ मिमी होतात, म्हणजे तुमच्या सपाट जागेच्या बाहेर, आणि पंख्याला जागाच उरत नाही. आडवे लावायचे म्हटलं तर २२७८ मिमी गाडीच्या कडेबाहेर लोंबतात, ते कायद्यातही बसत नाही आणि सुरक्षितही नाही. ४१० चा, १०८ हाफ-कट (म्हणजे अर्धे कापलेल्या) सेलचा पॅनल १७२२ × ११३४ × ३० मिमी आणि सुमारे २२ किलो असतो. दोन मिळून लांबी ३४४४ मिमी. हे माप तुमच्या टपावर छान बसतं. कंपनीनुसार दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतं, त्यामुळे ऑर्डर देण्याआधी त्याच मॉडेलची डेटाशीट समोर ठेवा.

आता मांडणी. पुढून १५० मिमी सोडा. मग पहिला पॅनल, २० मिमी फट, दुसरा पॅनल. इथे ३६१४ मिमी झाले. मागे ७८६ मिमी उरतात. पंख्याचं भोक १४ इंची चौकोनी, म्हणजे ३५६ मिमी, आणि बाहेरची फ्लँज (पत्र्यावर टेकणारी कड) धरून साधारण ४२० मिमी. मागच्या कडेपासून ५० मिमी सोडून पंखा बसवला तर पॅनल आणि पंखा यांच्यात ३१६ मिमी मोकळे राहतात. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

पॅनलखाली ५० मिमी मोकळी जागा आणि ३० मिमीची फ्रेम, म्हणजे काच पत्र्यापासून ८० मिमीवर. सावलीसाठी पंख्याची पूर्ण उंची मोजायची नसते, काचेच्या पातळीपासून तो जेवढा वर डोकावतो तेवढीच मोजायची. झाकण बंद असताना तो काचेच्या जेमतेम ५० मिमी वर असतो. झाकण उघडलं की अंदाजे २०० मिमी वर. २१-२२ डिसेंबरला, म्हणजे सावली सर्वात लांब पडते तेव्हा, मुंबईत सकाळी ९ वाजता सूर्य क्षितिजावर सुमारे २२ अंश असतो आणि सावली उंचीच्या जवळजवळ अडीचपट पडते. १० वाजता सूर्य ३३ अंशांवर येतो, सावली दीडपट. म्हणजे १० वाजता उघड्या झाकणाची सावली ३१० मिमी, आपल्याकडे जागा ३१६. सकाळी १० ते दुपारी सव्वातीन हा कमाईचा काळ पूर्ण स्वच्छ राहतो, तोही वर्षातल्या सर्वात वाईट दिवशी. झाकण मागच्या बाजूला उघडणारं बसवा, म्हणजे त्याची उंच कड पॅनलपासून आणखी लांब जाते आणि चालत्या गाडीत वारा ते उचकटत नाही.

पंखा मध्ये बसवला तर दोन्ही पॅनलना त्याची सावली लागते, एकाला सकाळी, दुसऱ्याला संध्याकाळी. गाडी कोणत्या दिशेला उभी राहील हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे ‘उत्तरेला ठेवला की झालं’ हा घराच्या गच्चीवरचा नियम इथे चालत नाही. अडथळा एकाच टोकाला ढकलणं हाच उपाय.

एवढ्याशा सावलीने काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण टपावरच्या सोलरमध्ये सर्वात जास्त वीज इथेच वाया जाते. जुन्या पद्धतीच्या ३६ पूर्ण सेलच्या पॅनलमध्ये सगळे सेल एकाच साखळीत असतात आणि सहसा दोनच बायपास डायोड असतात. सेलच्या एका गटावर सावली आली की त्याचा डायोड त्या गटाला वगळून वीज पुढे नेतो. त्याच्या आखूड कडेवर पंधरा सेंटिमीटर रुंद सावलीची पट्टी आडवी पडली की दोन्ही गट बंद पडतात आणि पॅनल जवळपास शून्यावर येतो, जरी नव्वद टक्के काच उन्हात असली तरी. हाफ-कट पॅनलमध्ये लांबीच्या दिशेने वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भाग समांतर जोडलेले असतात, आणि रुंदीत तीन गट असतात, प्रत्येकाला एक डायोड. त्यामुळे आखूड कडेवर पूर्ण आडवी सावली पडली तर अर्धं उत्पादन जातं. लांब कडेवर पट्टी पडली तर एक गट जातो, म्हणजे एक तृतीयांश. एखाद-दुसऱ्या सेलवर पडली तरी नुकसान साधारण तेवढंच. पूर्ण शून्य सहसा होत नाही. टपावर म्हणूनच हाफ-कट घ्यायचा.

यातच कॅरिअरचं उत्तर आहे. कॅरिअरला कडेने १५-२० सेंटिमीटर उंच कठडा असतो. पॅनल त्याच्या आत बसवले की सकाळी एका बाजूचा आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूचा बार पॅनलच्या लांब कडेवर रेघ ओढतो. बोटभर जाडीची रेघ, पण रोज, आणि प्रत्येक वेळी एक गट मंदावतो. शिवाय कॅरिअरमुळे पॅनल तेवढा उंच जातो, वारा खालून भरतो आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज आधीच धरलेला असतो. भोकं वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजू नका. नीट केलेलं भोक गळत नाही. घाईत केलेलं गळतं.

उचलती फ्रेम का नको? मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. सपाट पॅनलला फटका बसतो तो मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा दुपारीसुद्धा सूर्य साधारण साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंतच चढतो आणि थेट उन्हाचा चौथा हिस्सा सपाट काचेवरून निसटतो. पण तेव्हा आकाश स्वच्छ असतं, हवा गार असते, पॅनल कमी तापतो. कोकणात दोन रात्री मुक्कामाला जाणाऱ्या गाडीसाठी बिजागऱ्या, पिना आणि खिळखिळे होणारे सांधे टपावर वागवण्यात अर्थ नाही. लडाखला महिनाभर मुक्काम असता तर वेगळा विचार केला असता. एक साधी गोष्ट मात्र करा: पॅनलच्या एका लांब बाजूखाली १५-२० मिमी जाड पॅकिंग देऊन तो बाजूला किंचित उतरता ठेवा. पाणी आणि धूळ फ्रेमच्या खालच्या कडेला साचतेच. ती लांब कडेला साचली तर एक तृतीयांशाचा प्रश्न येतो, आखूड कडेला साचली तर अर्ध्याचा.

रुंदीत १६०० मधून ११३४ गेले की ४६६ मिमी उरतात. पॅनल बरोबर मध्ये न ठेवता ड्रायव्हरच्या बाजूला सरकवा: उजवीकडे १०० मिमी, डावीकडे ३६६. कारण आपल्याकडे झाडांच्या फांद्या फूटपाथच्या बाजूने रस्त्यावर झुकलेल्या असतात, त्या आधी टपाची डावी कड घासतात. शिवाय एका बाजूला सलग पट्टी मिळाली की पॅनल धुवायला आणि नट तपासायला शिडीवरून हात पोचतो. पॅनलवर पाय कधीही देऊ नका. काच तुटत नाही, पण आतले सेल केसाएवढे तडकतात आणि ते वर्षभराने कमी झालेल्या विजेत दिसतात.

हे सगळं कागदावर पटलं तरी पत्र्याला ड्रिल लावण्याआधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणा. १७२२ × ११३४ चे दोन तुकडे कापा, ८० मिमी उंचीच्या थर्माकोलच्या ठोकळ्यांवर टपावर ठेवा, पंख्याच्या जागी २८० मिमी उंच खोकं ठेवा. उघड्यावर गाडी लावून सकाळी ९ ला, साडेबाराला आणि साडेचारला सावलीच्या कडा खडूने पुठ्ठ्यावर आखा. साडेबाराच का, तर मुंबईत सूर्य माध्यान्हीवर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, ऋतूप्रमाणे १२:२२ ते १२:५३ च्या दरम्यान. मग गाडी नव्वद अंशांत फिरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. पुठ्ठा ठेवल्यावर आणखी एक गोष्ट कळते: पॅनलच्या फ्रेमचे पाय खालच्या आडव्या चॅनलवर येतात की दोन चॅनलच्या मध्ये. मध्ये येत असतील तर पॅनल ३०-४० मिमी पुढेमागे सरकवून जमवा. पण पंख्यासमोरचे ३१६ मिमी कमी होऊ देऊ नका.

पकड किती मजबूत हवी? ताशी १०० किमी वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन असतो. अटल सेतूवर ८० ने जाताना समोरून ६० चा झोत आला तर परिणामी वेग १४० होतो आणि दाब ९०० न्यूटनच्या वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या एका पॅनलचं क्षेत्रफळ १.९५ चौरस मीटर आहे. म्हणजे एका पॅनलवर १८० किलोच्या आसपास ओढ धरून चालायचं. त्यात आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांचे धक्के. चार कोपऱ्यांना प्लास्टिकचे कोपरे चिकटवून एवढा मोठा पॅनल लावण्याची पद्धत मला मान्य नाही. १०० वॉटच्या पॅनलला ते ठीक आहे. इथे मधली काच धक्क्याने वरखाली होते आणि फ्रेमचे सांधे सुटतात.

प्रत्येक पॅनलखाली ४० × ४० मिमीच्या ॲल्युमिनियम सेक्शनच्या दोन आडव्या रेल द्या, साधारण १२५० मिमी लांबीच्या. त्या पॅनलच्या टोकांपासून ३८० मिमी आत याव्यात. तिथे लांब बाजूच्या फ्रेमला क्लॅम्प बसतो आणि भार समतोल राहतो. प्रत्येक रेलला तीन पाय, म्हणजे एकूण बारा. पाय जिथे चॅनलवर येईल तिथे एम-८ बोल्ट, आतून ३ मिमी जाडीची ५० × ५० मिमीची पत्र्याची पट्टी आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारा). नुसत्या पत्र्यात रिव्हेट नट (भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट) मारून त्यावर भरवसा ठेवू नका. तो काही महिन्यांत पत्र्यातच गरगर फिरायला लागतो आणि मग ना सुटतो, ना आवळतो.

फक्त चिकटवून भागेल का, असंही बरेच जण विचारतात. चांगलं पॉलीयुरेथेन ॲडेसिव्ह स्वतः सुटत नाही. सुटतो तो त्याच्या खालचा रंग. जुन्या गाडीला पुटिंग भरून नवा रंग मारलेला असेल, तर गोंद रंगाला, रंग पुटिंगला आणि पुटिंग कसंबसं पत्र्याला धरून असतं. पाय येणार तेवढी जागा घासून लखलखीत पत्र्यापर्यंत जा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, इपॉक्सी प्रायमर मारा, आणि मग गोंद. थर किमान ३ मिमी राहिला पाहिजे. बोल्ट आवळताना सगळा गोंद बाहेर पिळून निघाला तर पत्रा आणि पाय यांच्यातली लवचिकता जाते. पायाखाली ३ मिमीचे रबरी ठिपके ठेवले की हे टळतं. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच सुकतो, म्हणून मुंबईत तो चांगला धरतो, तरी गाडी रस्त्यावर काढण्याआधी दोन दिवस थांबा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन मात्र टपावर आणूच नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंजवतं.

प्रत्येक भोकाच्या कापलेल्या कडेला झिंक प्रायमर. नट-बोल्ट स्टेनलेसचे ३१६ ग्रेडचे घ्या. ३०४ ला खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत तपकिरी डाग येतात. नागदेवी स्ट्रीटला विचारल्यास ३१६ मिळतात, फक्त ग्रेड डोक्यावर कोरलेला आहे का ते पाहून घ्या. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि मध्ये समुद्राचं खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर. पहिल्या पॅनलच्या पुढे ८० मिमी उंच, मागे कललेली ॲल्युमिनियमची पट्टी लावा. वारा पॅनलखाली घुसत नाही आणि शिट्टीसारखा आवाज बंद होतो. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा, गरम हवेला तिथूनच वाट आहे.

ही हवा खेळणं गरजेचं का? मेच्या उन्हात पॅनलचे सेल ६५-७० अंशांवर सहज जातात, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. म्हणजे १४-१६ टक्के नुसत्या उष्णतेत गेले. पत्र्याला थेट चिकटवायचे लवचिक पॅनल याहून तापतात, त्यांचा वरचा थर फुगतो आणि ते बदलायचे म्हणजे खरवडून काढायचे. ५० मिमी फट ठेवून लावलेला काचेचा पॅनल उलट टपाला सावली देतो, आत झोपणाऱ्याला तेवढाच दिलासा.

वायरिंगचं थोडक्यात. पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. दोन पॅनल एकाच कंट्रोलरवर न टाकता प्रत्येकाला वेगळा १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) द्या. पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता भरणारं) ३७ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. एका पॅनलवर नारळाची सावली असली तर दुसऱ्याला तिची झळ लागत नाही, आणि एक कंट्रोलर बिघडला तरी फ्रिज चालू राहतो. बजेट एकाचंच असेल तर ५० अँपिअरचा घ्या आणि पॅनल समांतर जोडा. पीडब्ल्यूएम कंट्रोलर नको: ३१ व्होल्टचा पॅनल तो १२ व्होल्टच्या बॅटरीच्या पातळीवर ओढतो आणि निम्म्याहून जास्त वीज फुकट जाते. लॅमिंग्टन रोडला एमपीपीटीचं लेबल लावलेले स्वस्त पीडब्ल्यूएम मिळतात. हातात घेतल्यावर खोका अगदी हलका लागला आणि मागे ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक नसला की तो परत ठेवा.

टपावरून खाली ६ चौरस मिमीची सोलर केबल. एका पॅनलला १३ अँपिअर, पाच मीटर अंतराला दीड टक्क्याच्या आत घट. कंट्रोलर ते बॅटरी १० चौरस मिमी, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि बॅटरीच्या टोकाला प्रत्येकी ४० अँपिअरचा फ्यूज. एमसी-४ कनेक्टर (सोलर केबल जोडायचे प्लग) नर-मादी एकाच कंपनीचे ठेवा. वेगवेगळ्या बनावटीचे एकमेकांत बसतात, पण आत संपर्क सैल राहतो, तापतो आणि वितळतो. केबल टपातून आत नेण्याची पेटी दुसऱ्या पॅनलच्या मागच्या कडेखाली, तोंड मागे करून बसवा, आणि केबलला पेटीत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी झोळावरूनच टपकतं. पॅनेलिंगच्या आधी अर्धा तास टपावर पाइपने पाणी सोडा आणि आतून टॉर्च मारून प्रत्येक बोल्ट बोटाने चाचपा.

वीज किती मिळेल? सपाट मांडणी, उष्णता, धूळ, वायर सगळं धरून पॅनलवरच्या आकड्याच्या ७० टक्के धरा. ८२० वॉट, हिवाळ्यात साडेचार तासांचं पूर्ण ऊन: सुमारे २५८० वॉट-तास. पावसाळ्यात तीन तास धरले तर १७२०. तुमचा १२ व्होल्टचा ४५ लिटरचा फ्रिज मुंबईच्या उकाड्यात ६०० पर्यंत खाईल, छताचा पंखा आठ तास २४०, लॅपटॉप १८०, दिवे-पंप-मोबाइल मिळून १६०. एकूण ११८०. त्यावर इंडक्शन अर्धा तास चालवला की आणखी ७०० च्या आसपास. हिवाळ्यात हे आरामात भागतं. पावसाळ्यात इंडक्शनऐवजी गॅस ठेवा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी यासाठी पुरेशी आहे.

गाडी सोसायटीत झाडाखाली महिनाभर उभी राहणार असेल तर कावळ्या-कबुतरांची घाण एकाच सेलवर सुकून राहते आणि तो सेल उन्हात भाजून निघतो. सकाळी ऊन चढण्याआधी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं जड पाणी असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग कायमचे बसतात. आणि कोकणात गाडी लावताना वर बघा. नारळ पडला तर पॅनलची काच टिकत नाही, झावळीचा जड देठही पुरतो.

प्रत्येक नट आवळल्यावर नट आणि बोल्ट दोघांवरून एक सरळ रेघ पेंट मार्करने ओढा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि मग ५०० नंतर शिडी लावून बघा. रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरला आहे. गाडीतल्या बदलांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, त्यामुळे कॅम्परच्या रूपांतराची कागदपत्रं करताना पॅनलचाही उल्लेख आरटीओत करून घ्या. टायरमध्ये पूर्ण हवा असताना जमिनीपासून सर्वात उंच भागापर्यंत, म्हणजे बंद झाकणापर्यंत, उंची मोजा आणि ती स्टिअरिंगसमोर डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. सबवे किंवा पोडियम पार्किंगच्या तोंडावर उंचीचा बोर्ड दिसतो तेव्हा मोजत बसायला वेळ नसतो.